आमेदमध्ये राहताना: आधी पाणी, मग कागद

बालीच्या पूर्व टोकाला, कारंगासेम जिल्ह्यात, आमेदची किनारपट्टी आहे. नकाशावर एकच नाव दिसतं, पण प्रत्यक्षात ती कोकणातल्या वाड्यांसारखी माळ आहे: आमेद, जेमेलुक, बुनुतान, लिपाह, सेलांग, बान्युनिंग, आआस. पाठीशी सेराया-लेम्पुयांगचे कोरडे डोंगर, पलीकडे आगुंग ज्वालामुखी, पायाखाली काळी वाळू आणि गोटे, समोर लोम्बोकची सामुद्रधुनी. पहाटे जुकुंग, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूची उलांडी लावलेल्या शिडाच्या होड्या, बांगड्याच्या कुळातल्या माशांसाठी समुद्रात जातात आणि ऊन चढायच्या आत परततात. या किनाऱ्यावर वर्ष-दोन वर्षं राहायचं, जमलं तर छोटं घर उभं करायचं, असा विचार करणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने काय करावं आणि कुठे अडकायला होतं, ते इथे लिहितो आहोत. सरकारी आकडे बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी ते एकदा ताडून घ्यावेत. क्रम मात्र बदलू नये.

देनपासारच्या विमानतळापासून आमेद साधारण ९० ते १०० किलोमीटरवर आहे. मोटारीने अडीच ते तीन तास लागतात. सानूरनंतर इडा बागुस मंत्रा मार्ग लागतो. ज्यांचं नाव या रस्त्याला दिलं आहे ते बालीचे गव्हर्नर होते, शांतिनिकेतनात शिकले होते आणि पुढे भारतात इंडोनेशियाचे राजदूतही झाले. पुढे चांदीदासा, आमलापुरा, तीर्ता गांगा असं करत चुलिकच्या तिठ्यावर यायचं. सरळ गेलं तर तुलांबेन, उजवीकडे वळलं तर आमेद. ॲपवरच्या टॅक्सीने विमानतळावरून इथे पोचता येतं, पण गावातून परत जाताना ती मिळेल असं धरू नका. परतीची गाडी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांचा आगमन-व्हिसा मिळतो. त्याची फी ५ लाख रुपिया. १०,००० रुपिया म्हणजे आपले पन्नासेक रुपये, हा हिशेब डोक्यात पक्का बसवा, नाहीतर शून्यांचा घोळ होतो. हाच व्हिसा घरूनही ऑनलाइन काढता येतो. याशिवाय बाली प्रांताचा दीड लाख रुपियांचा पर्यटन कर फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे. व्हिसा एकदाच, आणखी ३० दिवसांसाठी, तेवढीच फी भरून वाढतो. २०२५च्या मध्यापासून मुदतवाढीला फोटो आणि मुलाखतीसाठी इमिग्रेशन कार्यालयात स्वतः जावं लागतं. कारंगासेम जिल्हा सिंगाराजाच्या कार्यालयाखाली येतो, म्हणजे उत्तर किनाऱ्याने जायलाच दोन तासांहून जास्त. त्यामुळे अर्ज मुदत संपायच्या दोन आठवडे आधी करा. इथे हटकून होणारी चूक दिवस मोजण्याची आहे: उतरलेला दिवस हाच पहिला दिवस, मग रात्री ११ वाजता उतरलात तरी. मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्या प्रत्येक दिवसाला १० लाख रुपिया दंड पडतो, आणि ६० दिवसांच्या वर गेलं तर हद्दपारी आणि प्रवेशबंदी.

सलग राहायचं असेल तर ६० दिवसांचा सी-१ व्हिसा बरा. तो वाढवत १८० दिवसांपर्यंत नेता येतो. परदेशातल्या नोकरीचं काम इथून करणाऱ्यांसाठी ई-३३-जी हा एक वर्षाचा परवाना आहे, पण त्याला वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्नाचा पुरावा लागतो. यांपैकी कशावरही गावात काम करता येत नाही. बिनपगारी कामसुद्धा चालत नाही, आणि ओळखीच्या खानावळीत उभं राहून ऑर्डर घेणं हेही काम धरलं जातं.

पहिलं वर्ष भाड्याने राहावं, आणि तेही सलग. एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ सर्वांना आवडतो. नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. एकच ऋतू बघून जागा घेणारे हमखास फसतात, कारण या किनाऱ्याचे दोन दोष दोन वेगवेगळ्या ऋतूंत दिसतात.

कोरड्या काळातला दोष पाण्याचा. पूर्व बाली मुळात कमी पावसाचा भाग. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि बोअर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मचूळ होतात, कारण गोड्या पाण्याची पातळी उतरली की समुद्राचं पाणी आत सरकतं. घर बघताना नळ सोडून बघणं पुरेसं नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र बरोबर ठेवा आणि ऑक्टोबरात मोजा. १,००० पीपीएमच्या वर गेलं की चव बिघडते, गीझरची कॉइल क्षाराने भरते, शॉवरची भोकं बुजतात. सरकारी नळ काही भागात आहेत, पण उंचावरच्या घरांत दाब पुरत नाही. मग टँकर मागवायचा. चार माणसं, माणशी दीडशे लिटर, म्हणजे दिवसाला ६०० लिटर. ५,००० लिटर आठ दिवस पुरतात. म्हणून किमान तेवढी साठवण जमिनीखाली असावी, आणि टँकरची गाडी दारापर्यंत येते का हे बघावं. डोंगरउतारावरच्या सुंदर घरांची खरी अडचण ही दुसरी आहे. पिण्यासाठी १९ लिटरचे जार मिळतात, त्यांना इथे ‘गालोन’ म्हणतात.

पावसातला दोष ओढ्यांचा. ‘तुकाद’ म्हणजे नदी, पण इथली बहुतेक कोरडीच. वर्षातले नऊ-दहा महिने ती नुसती गोट्यांची वाट दिसते, गुरं चरतात, कुणी गाडी लावतं. डिसेंबर-फेब्रुवारीत डोंगरावर दोन तास जोराचा पाऊस झाला की त्यातून मातीचा लोंढा थेट समुद्रात जातो. तुकादच्या काठची जागा स्वस्त का, हे तिथल्या जुन्या घरांची जोती बघितली की कळतं. ती जमिनीपासून हात-दीड हात उंच असतात.

वीज ‘पेएलएन’ या सरकारी कंपनीची. बहुतेक घरांना आगाऊ भरायचा मीटर असतो. दुकानातून किंवा बँकेच्या ॲपवरून टोकन घ्यायचं आणि २० आकडे मीटरवर दाबायचे. घर घेताना विजेचा भार विचारा. १,३०० व्हीएच्या जोडणीवर एक पीकेचा (म्हणजे एक अश्वशक्तीचा) एसी, पंप आणि भाताचा कुकर एकदम चालू झाले की मीटरचा खटका पडतो. दोन खोल्यांच्या घराला ३,५०० व्हीए हवा. या गटाचा दर युनिटला १,६९९ रुपिया ५३ सेन आहे, म्हणजे ३०० युनिटला साधारण ५ लाख १० हजार रुपिया. गॅसचा हिरवा ३ किलोचा सिलिंडर गरीब घरांसाठीच्या अनुदानाचा आहे. दुकानदाराने दिला तरी घेऊ नका, ५.५ किंवा १२ किलोचा घ्या. भारतातून नेलेल्या फोनवर पर्यटकांचं सिम ९० दिवस चालतं. त्यापुढे राहायचं तर आयएमईआयची नोंदणी उतरल्यावर विमानतळावरच कस्टम्सकडे उरकावी.

स्कूटरशिवाय इथे राहता येत नाही. वाहतूक डावीकडूनच आहे, त्यामुळे आपल्याला सोपं जातं. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढताना त्यावर दुचाकीचा वर्ग आहे ना हे डोळ्यांनी बघा. फक्त मोटारीचा परवाना असेल तर अपघातात प्रवासविमा कंपनी हात वर करते. गाडीबरोबर ‘एसटीएनके’ हा नोंदणीचा कागद मागून घ्या. जेमेलुकच्या पुढचा रस्ता वळणांचा आणि चढउतारांचा आहे, पावसात त्यावर बारीक खडी वाहून येते. मोठं इस्पितळ आमलापुराला, डायव्हिंगच्या अपघातावरची दाबकक्षाची सोय थेट देनपासारला. बालीत २००८ पासून रेबीज आहे. कुत्रा किंवा माकड चावलं तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी लस सुरू करा. निघण्याआधी भारतातच प्रतिबंधक डोस घेतलेले असले तर फार बरं, कारण जखमेभोवती टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन छोट्या दवाखान्यांत मिळेलच असं नाही.

शाकाहारी माणसाचं अडत नाही. तेंपे, टोफू, शेवग्याच्या पाल्याची पातळ भाजी, भात. फक्त सांबालमध्ये ‘तरासी’, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, असतो. ‘तान्पा तरासी’ असं आधीच सांगावं. आमलापुराच्या बाजारात मूग मिळतात, तूरडाळ मात्र देनपासारहून आणावी लागते.

आता गावाविषयी, कारण जमिनीचा व्यवहार गावावाचून होत नाही. बालीत प्रत्येक गावाची दोन रूपं असतात. एक सरकारी, ‘देसा दिनास’: दाखले, कर, नोंदी. दुसरं परंपरेचं, ‘देसा आदात’: देवळं, स्मशान, सण आणि गावाचे लेखी नियम, ज्यांना ‘आविग-आविग’ म्हणतात. खालचा घटक बांजार. राहायला आलात की घरमालकाने परदेशी माणसाची नोंद इमिग्रेशनच्या ऑनलाइन यंत्रणेत करायची असते. ती केली का हे विचारा, आणि त्याच आठवड्यात बांजारच्या प्रमुखाला, ‘क्लियान’ला, भेटा. गावाची वर्गणी किती, ती कोणाकडे द्यायची, मिरवणुकीला रस्ता कधी बंद असतो, हे सगळं त्याच्याकडून कळतं.

न्येपी तर आपल्या ओळखीचा दिवस आहे. बालीचं पंचांग शक संवत्सरावर चालतं आणि न्येपी म्हणजे त्यांचं नवीन वर्ष. २०२६मध्ये न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला, शके १९४८ दोघांचंही. २०२५मध्ये एका दिवसाचा फरक होता. २०२४मध्ये मात्र अधिक महिन्यांचा हिशेब वेगळा असल्याने जवळजवळ महिन्याचं अंतर पडलं. आपण गुढी उभारतो, तिथे २४ तास दिवा नाही, चूल नाही, प्रवास नाही, विमानतळही बंद. त्या दिवसाला धरून तिकीट काढू नका. आदल्या दिवसांत मेलास्तीच्या, म्हणजे शुद्धीच्या विधीच्या, मिरवणुका समुद्रावर येतात. किनारा कोणाच्याही मालकीचा होत नाही आणि त्याला कुंपण घालता येत नाही.

जमीन इथे ‘आर’मध्ये मोजतात. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा आपला आरच. गुंठा १०१ चौरस मीटरचा, तेव्हा गुंठ्यात विचार केला तरी फारसं चुकत नाही. पण साम्य तिथेच संपतं. १९६०च्या जमीन कायद्यानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. कलम २६ सांगतं की परदेशी माणसाकडे ती आडवाटेने वळवणारा व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तरीही कोणी स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन बाजूला खाजगी करार करायचा सल्ला देतं. तो ऐकू नका. सगळे लोक चांगले असले तरी त्या माणसाच्या निधनानंतर वारसांना काहीच बांधील नसतं.

परदेशी माणसांचे नेहमीचे सरळ मार्ग दोन. एक, भाडेपट्टा, ज्यात तुम्ही जमीन नव्हे तर वर्षं घेता. दुसरा, परदेशी गुंतवणुकीची कंपनी, ‘पेटे पेएमआ’. कंपनीला ‘हाक गुना बांगुनान’ हा बांधकामाचा हक्क ३० वर्षं, मग २० आणि पुन्हा ३० असा मिळू शकतो. पण कंपनीसाठी सर्वसाधारण नियमाने जमीन-इमारत वगळून १० अब्ज रुपियांहून जास्त, म्हणजे पाच कोटी रुपयांच्या वर, गुंतवणुकीचा आराखडा लागतो. भरणा केलेलं भांडवल पूर्वी तेवढंच लागायचं, ऑक्टोबर २०२५ पासून ते अडीच अब्जावर आलं. दोन खोल्यांच्या घरासाठी हा व्याप करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि चार-पाच खोल्यांचा होमस्टे, ‘पोंदोक विसाता’, हा धंदा तर स्थानिकांसाठीच राखीव आहे.

भाडेपट्ट्याचा दर ‘एका आरला वर्षाला इतके’ असा बोलतात. हिशेबाची पद्धत कळावी म्हणून उदाहरण: ५ आर, २५ वर्षं, दर ३० लाख रुपिया, तर ५ × २५ × ३० लाख = ३७.५ कोटी रुपिया, म्हणजे वीसेक लाख रुपये. बहुधा सगळी रक्कम सुरुवातीलाच द्यायची असते. भाड्याच्या उत्पन्नावर मालकाला १० टक्के कर आहे, आणि पहिला वाद इथेच होतो. मालक ‘बर्सिह’ म्हणतो, म्हणजे त्याच्या हातात निव्वळ ३७.५ कोटी पडले पाहिजेत. मग कर ३.७५ कोटी होत नाही. करारातली रक्कम ३७.५ भागिले ०.९, म्हणजे सुमारे ४१.६७ कोटी होते आणि कर ४.१७ कोटी. दर ठरवतानाच कर कोणाचा हे लिहून घ्या. नोटरीची फी रकमेच्या साधारण १ टक्क्यापर्यंत धरा.

इसार देण्याआधी कागद बघायचे. ‘सर्तिफिकात’ म्हणजे मालकीचं प्रमाणपत्र. त्यावर नाव, क्रमांक, मोजणीचा नकाशा असतो, आता ते इलेक्ट्रॉनिकही निघतं. मालकाने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. नोटरीकडून आमलापुराच्या भूमी कार्यालयात तपासणी करून घ्या: बँकेचा बोजा, न्यायालयाची जप्ती, कोणाची हरकत. घरपट्टीसारख्या कराची नोटीस ‘एसपेपेटे’ ही मालकी ठरत नाही, जशी आपल्याकडे घरपट्टीची पावती ठरत नाही. ‘पिपिल’, म्हणजे जुन्या जमीन-कराचे कागद, दाखवणारेही भेटतात. २०२१च्या नियमावलीने अशा कागदांवरून नोंदणी करायला ५ वर्षं दिली होती आणि ती मुदत २ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. प्रमाणपत्र नसलेल्या जमिनीपासून लांब राहा.

बालीतला खास धोका ‘आयाहान देसा’ जमिनीचा. घर पिढ्यान्‌पिढ्या एका कुटुंबाकडे असतं, पण जमीन परंपरेच्या गावाची असते आणि तिच्याबरोबर गावाच्या सेवेची जबाबदारी येते. अशी जागा कुटुंबाला परस्पर देता येत नाही. देसा आदातच्या प्रमुखाला, ‘बेंदेसा’ला, सरळ विचारावं. त्यानंतर वारस. जमीन वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत, हा प्रकार कोकणात जितका तितकाच इथे. वंशावळीचा दाखला, सर्व भावांच्या सह्या, विवाहित मालकाच्या पत्नीची किंवा पतीची सही, हे पुरं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाहेरगावी राहणाऱ्या एका भावाची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून राहते आणि घर बांधून झाल्यावर तोच दारात येतो.

जागेवर जाऊन ‘पातोक’, म्हणजे हद्दीचे खुंट, मोजणीदाराकडून पुन्हा ठरवून घ्या. नकाशावर रस्ता दिसतो का हे सर्वांत आधी बघा. आज ज्या पायवाटेने तुम्ही आलात ती शेजाऱ्याच्या जमिनीतून असेल, तर उद्या वाळूचा ट्रक अडतो. सरकारच्या ‘भूमी’ या ऑनलाइन नकाशावर तुकडा शोधता येतो. नाव वाचून आपल्याला बरं वाटतंच. पण झोन जिल्हा कार्यालयातूनच लेखी घ्यावा. संरक्षित भातशेतीत बांधता येत नाही, देवळाभोवतीच्या पवित्र क्षेत्रात मर्यादा आहेत, भरतीच्या कमाल रेषेपासून किमान १०० मीटर किनारपट्टी सोडायची असते आणि बालीत उंचीची मर्यादा १५ मीटर. पाण्याला टेकलेली जुनी घरं बघून तसंच नवं बांधता येईल, असा अर्थ काढू नका. आगुंग १९६३मध्ये फुटला आणि २०१७मध्ये पुन्हा जागा झाला, तेव्हा ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशाही त्याच फेरीत बघून घ्या.

करार इंडोनेशियन भाषेत असलाच पाहिजे, बरोबर इंग्रजी मजकूर ठेवता येतो. साधा भाडेपट्टा सहसा भूमी कार्यालयाच्या नोंदीत चढत नाही, म्हणून मूळ प्रमाणपत्र मुदतभर नोटरीकडे राहील असं कलम घाला. जमीन विकली तरी पट्टा चालू राहील, मालकाचे आणि तुमचे वारस दोघेही बांधील राहतील, पोटभाड्याने देता येईल, बांधकाम परवाना ‘पेबेगे’ काढायला मालक सह्या देईल, हे सगळं शब्दांत हवं. मुदतवाढीचा दर ‘तेव्हाच्या बाजारभावाने’ असा सोडला तर तो हक्क कागदावरच उरतो. सूत्र लिहा: उदाहरणार्थ मूळ दर आणि त्यावर ठरावीक टक्के, किंवा दोघांनी नेमलेल्या मूल्यांककाच्या दराचा ठरावीक हिस्सा.

भारतातून पैसे पाठवताना उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. ५ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परदेशी स्थावराच्या नियमांत मोडत नाही, त्याहून लांबचा मोडतो. १० लाख रुपयांच्या वरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढी रोकड अडकते. बँकेत कारण ‘प्रवास’ असं लिहू नका. आणि दरवर्षी विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ही नोंद करा. न करण्याचा दंड १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

बांधकामात खारा वारा हा मुख्य शत्रू. ३०४ प्रतीचं स्टेनलेस पहिल्याच वर्षी डागाळतं, ३१६ वापरा. वाळू आगुंगच्या उतारावरची, काळी, उत्तम मिळते. समुद्राची वाळू मात्र कोणालाही वापरू देऊ नका, तिच्यातलं मीठ लोखंडी सळया आतून खातं. सण पंचांगात आधीच बघा. गालुंगान दर २१० दिवसांनी येतो आणि तेव्हा आठवडा-दीड आठवडा काम थांबतं. ते धरूनच वेळापत्रक आखा, गवंड्यावर रागावू नका.

पट्टा संपल्यावर इमारतीचं काय, हे कलम बहुतेक जण शेवटी ठेवतात आणि विसरतात. काही लिहिलं नसेल तर मालक म्हणतो घर माझं, तुम्ही म्हणता दारं-खिडक्या माझ्या. सरळ यादी जोडा: जमिनीला बांधलेलं सगळं मालकाचं, हलवता येणारं तुमचं, पाण्याची टाकी, पंप आणि वीजमीटर जागेवरच राहतील, आणि किल्ल्या देण्याच्या दिवशी क्लियान साक्षीदार असेल.